उबदार कोपरा

“अंदाजाने सांगू नका हो. दिसतं तेवढंच सांगा,” चष्म्याच्या दुकानातली बाई म्हणाली, आणि त्या उंच खुर्चीत सर एकदम अवघडून बसले. समोरच्या उजळलेल्या पाटीवर अक्षरांच्या ओळी खाली खाली बारीक होत गेल्या होत्या. खालून दुसरी ओळ त्यांनी चांगल्या ठणठणीत आवाजात म्हणून दाखवली होती. खरं म्हणजे वाचली नव्हती. पहिलं अक्षर दिसलं होतं, शेवटच्याची गोलाई जाणवली होती, आणि मधलं सगळं त्यांनी सवयीने भरून काढलं होतं. आतल्या खोलीत अंधार होता. नाकावर चाचणीची लोखंडी चौकट जड झाली होती. “आणि नसेलच दिसत तर?” त्यांनी उगीच थट्टेच्या सुरात विचारलं. “तर ‘दिसत नाही’ म्हणायचं. मोकळी जागा खोटी नसते,” बाई म्हणाली आणि खट्कन दुसरी काच चौकटीत सरकवली.

हे वाक्य सरांचं होतं. एकतीस वर्षं त्यांनी ते मुलांना सांगितलं होतं, शाळेच्या मागच्या आवारात, हवामान नोंदवायच्या पांढऱ्या पेटीसमोर, दहादहा मुलांच्या टोळीला. थर्मामीटर दिसला नाही, विसरलात, पावसाने अडवलं, तर त्या दिवशीची जागा मोकळी ठेवा. मोकळी जागा खोटी नसते. जगात आणखी कोणी हे वाक्य याच शब्दांत म्हणत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बाईने दिवा लावला. पांढरा कोट, कानामागे पेन्सिल, पस्तिशीच्या आतबाहेरचं वय. काचेच्या कडेवरचा बारीक आकडा वाचायला तिने काच डोळ्यांजवळ आणली नाही. काच टेबलावर ठेवली, गुडघ्यात वाकली, आणि डोळे आकड्याच्या रेषेत नेले. आकड्याला आपल्याकडे ओढायचं नाही, आपण आकड्याकडे जायचं. हेही सरांनीच शिकवलेलं. “आठ दिवसांनी या,” ती लिहिता लिहिता म्हणाली, “साडेदहानंतर केव्हाही. आठला तुम्हाला पेटी असते ना अजून?” “असते,” सर म्हणाले. तिने मान हलवली, पावती दिली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. सर रस्त्यावर आले तेव्हा ऊन पडलं होतं, हवा कोरडी होती, वारा बदलून दक्षिणेकडून येऊ लागला होता, आणि हे सगळं आपण नोंदवतो आहोत हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं इतकी ती सवय जुनी होती. लक्षात येत होतं ते एवढंच, की शाळेच्या जुन्या माळ्याच्या मुलीने, त्यांच्याच टोळीतल्या एका विद्यार्थिनीने, त्यांना ओळखलं होतं, आणि बहुधा दारातून आत येतानाच ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सर पेटीपाशी उभे होते. नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी पेटीतून ते निवृत्त झाले नव्हते. चार पायांवर उभी असलेली ही पेटी म्हणजे एका लहानशा घरासारखी. भिंती तिरप्या पट्ट्यांच्या, वारा आत यावा आणि ऊन येऊ नये म्हणून. आत चार थर्मामीटर. त्यांतला आडवा, किमान तापमानाचा, हा सरांचा सर्वांत लाडका. त्याच्या नळीत रंगीत द्रव, आणि द्रवात बुडालेली टाचणीएवढी काळी काडी. मुलांना ते सांगत, “हा आपला रखवालदार. रात्री थंडी जिथपर्यंत आत येते, तिथपर्यंत हा तिच्याबरोबर मागे मागे जातो. सकाळी थंडी निघून जाते, द्रव पुढे सरकतो, पण हा जागचा हलत नाही. ‘इथपर्यंत आली होती, मी पाहिलंय,’ म्हणून तिथेच उभा. तुम्ही याल, त्याचा आकडा लिहून घ्याल, मग नळीचं गोळ्याचं टोक वर कराल, तेव्हा तो घसरत घसरत द्रवाच्या टोकाशी येऊन थांबेल. त्याला काडी पाडणं म्हणतात. पाडली नाही तर? तर तो उभाच. एक दिवस, दहा दिवस, महिनाभर. सगळ्यांत थंड रात्रीपाशी.” मुलं हसत. एखादा विचारी, “सर, त्याला झोप येत नाही?” आणि सर म्हणत, “तुझ्यासारखा असता तर पहिल्या तासालाच घोरला असता.” पोरं त्यांना मागून ‘पारा’ म्हणत, आणि वर्गात आवाज वाढला की ‘पारा चढला रे’ अशी कुजबूज होई. सरांना ते आवडायचं.

आज काडी नऊ पॉइंट दोनवर होती. गेल्या आठवड्यात सहा होती. थंडी जाताना कधी सरळ जात नाही, दारात उभं राहून चार गोष्टी बोलत बसणाऱ्या पाहुण्यासारखी जाते. दोन पावलं बाहेर, एक आत. पेटीच्या पायाशी गवतावरचं दव आठलाच निम्मं वाळलं होतं. कुंपणाच्या भिंतीजवळच्या उघड्या झाडाला लाल कोंब फुटायला लागले होते, अजून पानं म्हणावीत असं काही नव्हतं. सरांनी आकडा लिहिला, काडी पाडली, आणि नेहमीप्रमाणे पेटीचं दार लावायच्या ऐवजी ते उघड्या दारासमोर तसेच थांबले. खिशात वेधशाळेचं पत्र होतं. महिनाअखेर पेटीच्या जागी यंत्र बसणार होतं, खांबावरचं, आपोआप आकडे पाठवणारं. जुनी रजिस्टरं वेधशाळा जपून ठेवणार होती. त्याआधी शाळेत छोटा समारंभ, शाल वगैरे काही नाही, पण मानपत्र. एकतीस वर्षांत एकही दिवस न चुकलेली नोंद. आणि शेवटच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर सरांची सही हवी होती, पत्रात दिलेल्या एका ओळीखाली: ‘वरील सर्व नोंदी मी प्रत्यक्ष पाहून केल्या आहेत.’ पत्र आलं तेव्हा ही ओळ त्यांनी चष्मा वर करून वाचली, मग चष्मा लावून वाचली, आणि बायकोला म्हणाले, “मला वाटतं नंबर बदललाय.” म्हणून तर ते चष्म्याच्या दुकानात गेले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

अकरा दिवस होते ते. बावीस वर्षांपूर्वीचे, असेच, हिवाळा सरत आलेला असतानाचे. सरांनी त्या अकरा दिवसांना पुष्कळ कारणं देऊन पाहिली होती. आजारपण म्हणावं तर नुसती शिंकसुद्धा आली नव्हती. घरात कोणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं, कामाचा डोंगर नव्हता. पहिल्या दिवशी सकाळी उठायला उशीर झाला, इतकंच. अंथरूण उबदार होतं. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. थेट वर्गावर गेलं तर घंटेला पोचता आलं असतं, आणि पेटी मागच्या अंगणात, ओल्या गवतातून पुढे. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत बसून आदल्या दिवशीचा आकडा पाहिला, खिडकीतून आकाश पाहिलं, आणि लिहिलं: पाच पॉइंट सहा. मोकळी जागा सोडता आली असती. पण नऊ वर्षांच्या नोंदीत एकही मोकळी जागा नव्हती, आणि पहिली मोकळी जागा आपल्या आळसाची असावी हे त्यांना बरं वाटेना. एवढ्याशा अभिमानापायी एवढंसं खोटं. उद्या जाऊ. उद्याही तसंच झालं. टोळीला परीक्षेसाठी सुट्टी दिलेली, किल्ली एकट्या सरांकडे. तिसऱ्या दिवसापासून मात्र त्यांना त्यात गोडी वाटू लागली, आणि ही गोष्ट सर अजूनही स्वतःशी पुरी कबूल करू शकत नव्हते. हवामान त्यांना इतकं पाठ होतं की खोटं लिहितानाही ते खऱ्यासारखं लिहीत. ढगाळ रात्रीनंतर अर्धा अंश वर. वारा पडला तर थोडं खाली. पाच पॉइंट एक, पाच पॉइंट चार, सहा, पाच पॉइंट आठ. मधे एक आकडा मुद्दाम वेडावाकडा टाकायचा, म्हणजे ओळीला जिवंतपणा येतो. खोटं बोलायलासुद्धा अभ्यास लागतो, आणि तो त्यांचा दांडगा होता. नववीच्या वर्गावर त्या आठवड्यात ते फार सुंदर शिकवत होते असं त्यांना आठवतं.

त्याच दिवसांत कधीतरी, एका रात्री, आकाश निरभ्र झालं आणि थंडीने शेवटचा फटका मारला. कोणत्या रात्री ते सरांना माहीत नाही. त्यांना ते कधीच कळणार नाही, कारण ते बघायला गेले नव्हते. माळ्याने वसंतासाठी वाफ्यात लावलेली रोपं, चारशेच्या वर, एका सकाळी काळी पडली. उकळतं पाणी ओतल्यासारखी मान टाकून आडवी झाली. माळी हा शब्दांचा माणूस नव्हता. शाळेच्या आवारातलं प्रत्येक झाड त्याच्या हातचं, पण मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभा राहिला की त्याला टोपीचं काय करावं तेही सुचायचं नाही. “गारठ्याने गेली बाई,” तो म्हणाला. “गोठली. वाफ्याच्या कडेला पाणी होतं ते पापडासारखं कडक झालेलं.” मुख्याध्यापिकाबाई कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या, म्हणून तर त्यांनी सरांना बोलावलं. “सर, तुमची नोंद काय म्हणते? पाणी गोठेल इतकी थंडी पडली का या आठवड्यात?” सरांच्या काखेत रजिस्टर होतं. त्यांनी ते उघडलं. त्यांच्याच अक्षरात, सरळ, एकाखाली एक, पाचच्या खाली एकही आकडा नव्हता. त्या क्षणी बोलता आलं असतं. तो क्षण सरांनी पुढे इतक्यांदा उघडून पाहिला होता की आता तो झिजलेल्या पानासारखा पारदर्शक झाला होता; त्यातून पलीकडचं सगळं दिसायचं. “पाच अंशांच्या खाली गेलेलं नाही,” ते म्हणाले. पाच अंशाला रोप मरत नाही. मग माळ्याने काहीतरी जहाल औषध मारलं असणार, किंवा पाणी तुंबवलं असणार, आणि वर थंडीचं नाव सांगतोय. माळ्याने सरांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. वेधशाळेचा माणूस सांगतोय म्हणजे आपलंच काही चुकलं असेल, असा विचार करणाऱ्या माणसाचं ते पाहणं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याला बागेतून काढून फाटकावर बसवलं. बाग कंत्राटी माणसाकडे गेली.

त्याची मुलगी सातवीत होती. पेटीच्या टोळीत सगळ्यांत लहान, आणि सगळ्यांत चोख. दशांश तीन आहे की चार, यावर तिने एकदा दहावीच्या मुलाला रडवलं होतं. बाराव्या दिवशी, त्या दिवसाचा आकडा अजून लिहायचा असताना, मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. “सर, पेटी उघडता?” “आत्ता? वेळ झाली का नोंदीची?” “मला काडी बघायची आहे.” नाही म्हणायला कारण नव्हतं. गवतातून जाताना ती पुढे, सर मागे, किल्ली हातात गार लागत होती. ती विटेवर चढली, डोळे रेषेत आणले, बराच वेळ बघत राहिली. मग तिने आकडा सांगितला. वजा. वजा दोन. आणि मान न वळवता तिने विचारलं, “सर, तुम्ही रोज काडी पाडता ना?” शहाणं पोर होतं, प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना वाट नव्हती. रोज पाडली असेल तर हा आकडा कालच्या रात्रीचा, आणि काल रात्री तर उकडत होतं. पाडली नसेल, तर बाबांचं खरं. सर म्हणाले, “पाडतो तर.” आणि त्यांनी तिच्या खांद्यावरून हात पुढे केला, नळीचं टोक वर उचललं, आणि अकरा दिवस जागचा न हललेला तो रखवालदार घसरत घसरत आला आणि द्रवाच्या टोकाशी थांबला. चोवीस अंश. “बघ, काडी अडकली होती. पेटीला धक्का लागला की असं होतं. तू विटेवर चढताना धक्का दिलास.” ती खाली उतरली. तिने पेटीकडे पाहिलं नाही, सरांकडेही नाही. तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी सरांनी लिहिलं, ‘विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे काडी हलली’, आणि तिचं नाव टोळीतून काढलं. ती रडली नाही. पुढची तीन वर्षं ती रोज फाटकातून आत येताना, फाटकावर बसलेल्या बापाचा डबा त्याच्या हातात द्यायची आणि मागच्या अंगणाकडे न बघता वर्गात जायची. सर तेव्हापासून एकही दिवस चुकले नाहीत. तापात गेले, स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी गेले, बायकोच्या शस्त्रक्रियेच्या सकाळी दवाखान्यातून रिक्षा करून गेले. लोक म्हणत, काय निष्ठा! लोकांना काय, दिसतं तेवढंच दिसतं.

चौथ्या दिवशी काडी अकरा पॉइंट तीनवर होती आणि कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमधला फरक वाढला होता. हवेतला ओलावा ओसरत होता. घरी आले तर वेधशाळेतल्या कारकुनाचा फोन. तरुण, उत्साही, शब्द गिळत बोलणारा. “सर, तुम्ही दर महिन्याला पाठवलेल्या सगळ्या नोंदी संगणकात भरून झाल्या. काय सुंदर नोंद आहे हो! फक्त एक गंमत सांगायची होती. बावीस वर्षांपूर्वी तो थंडीचा तडाखा आला होता ना, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या ठिकाणी शून्याच्या खाली गेलं. तुमच्याकडे नाही.” सरांनी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. “मग?” “मग काय, आमच्या साहेबांनी त्यावरूनच तुमच्या शाळेचा भाग नकाशावर वेगळा दाखवलाय. उबदार कोपरा. भिंतीचा आडोसा, उतार, वगैरे. परवाच कोणीतरी फळझाडांची रोपवाटिका काढायची म्हणून विचारायला आलं होतं, त्यांनाही तोच भाग सुचवला.” सर काहीतरी हुं म्हणाले. “सहीचं तेवढं लक्षात ठेवा सर,” कारकून म्हणाला. फोन ठेवल्यावर सरांना वाटलं, खोटं बोलणं म्हणजे दगड टाकणं, तो बुडतो आणि पाणी मिटतं. पण हे बी निघालं होतं. जमिनीखाली बावीस वर्षं पडून राहून आता त्याला नकाशावर जागा मिळाली होती, आणि त्या जागेवर कोणीतरी उद्या झाडं लावणार होतं, आणि एका निरभ्र रात्री ती काळी पडणार होती, आणि पुन्हा कुठल्यातरी माळ्याला कोणीतरी विचारणार होतं, काय रे, पाणी तुंबवलंस का?

सहाव्या दिवशी काडी परत आठवर आली. थंडी दारातून पुन्हा आत डोकावली होती. सर बागेच्या बाजूने वळसा घालून आले. वाफ्याच्या जागी आता सिमेंट होतं आणि त्यावर सायकली. घरी बायको गच्चीवर उन्हात पाय पसरून बसली होती. त्यांनी तिच्याशेजारी बसून बूट काढले, आणि ती त्यांच्या बुटांकडे बघत म्हणाली, “दव पडलं होतं वाटतं आज.” “पडलं होतं.” “किती दिवस झाले, जेवण निम्मं टाकताय. मानपत्र नको असेल तर नको म्हणा, पण अन्नावर राग कशाला?” सरांनी सांगितलं. आधी कारकुनाचं, मग चष्म्याच्या दुकानाचं, मग माळ्याचं. उलट्या क्रमाने, शेवटी उरले ते अकरा दिवस. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही तेव्हा सरांना भीती वाटली. “तुला धक्का नाही बसला?” “अहो, मला माहीत होतं,” ती म्हणाली. “काय माहीत होतं?” “तुम्ही जात नव्हता ते. रोज संध्याकाळी तुमचे बूट मीच पुसायचे की. हिवाळाभर तळवे ओले, गवताची काडीकसपटं चिकटलेली. त्या दिवसांत कोरडे ठक्क. मला वाटलं, काहीतरी असेल. सांगतील.” “बावीस वर्षं?” “तुम्ही तरी कुठे दुसऱ्या दिवशी सांगणार होता!” ती हसली, मग तिचं हसू विरलं. “माळ्याचं मात्र मला ठाऊक नव्हतं. ते तुम्ही घरात आणलंच नाहीत. बूट तेवढे आणलेत.” खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी पुसत होतं, फडक्यातून पाण्याचे थेंब उडत होते. “आता काय करणार?” तिने विचारलं. “सही केली नाही, तर एकतीस वर्षांवर पाणी.” “एकतीस नाही हो,” ती म्हणाली, “अकरा दिवसांवर. गणित तुम्हीच शिकवलंत ना पोरांना.”

आठव्या दिवशी साडेदहा वाजता सर दुकानात गेले. काखेत जुनं रजिस्टर होतं, पाठकोऱ्या कागदात गुंडाळलेलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. माळ्याच्या मुलीने नवा चष्मा त्यांच्या कानांवर बसवला, दोन बोटांनी दांड्या दाबून पाहिल्या, आणि त्यांना आतल्या खोलीतल्या पाटीकडे वळवलं. “वाचा.” सरांनी वरून सुरुवात केली. आता खालून दुसरी ओळ लख्ख दिसत होती, एकेक अक्षर धुवून ठेवल्यासारखं. शेवटच्या ओळीशी ते थांबले. जीभ सवयीने पुढे झाली होती. “ही दिसत नाही,” ते म्हणाले. “नाहीच दिसत या वयात. बरोबर आहे,” ती म्हणाली. सरांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि ते पान उघडलं. तिने लगेच ओळखलं. तिचे हात कोटाच्या खिशात गेले आणि तिथेच राहिले. “हे अकरा दिवस मी पाहिलं नव्हतं,” सर म्हणाले. “एकही दिवस. तू धक्का दिला नव्हतास. काडी अडकली नव्हती. वजा दोन खरं होतं, आणि मला ते तिथल्या तिथे कळलं होतं.” एवढं वाक्य त्यांनी आठ दिवस घोकलं होतं, आणि ते इतकं लहान निघेल असं वाटलं नव्हतं.

“वजा दोन नव्हतं, सर,” ती म्हणाली.

सरांना कळेना. “वजा दोन पॉइंट चार,” ती म्हणाली. “दोन पॉइंट चार. मी तुम्हाला तसंच सांगितलं होतं. चारवर काडीचं टोक होतं, अगदी रेषेवर. तुम्ही बावीस वर्षांत पॉइंट चार टाकून दिलेत.” तिचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा पांढरा पडला होता. सर उभ्या उभ्या तो आकडा ऐकत राहिले. कबुली द्यायला आले होते, आणि कबुलीतसुद्धा अंदाजच घेऊन आले होते. “घरी जाऊन मी चुलीच्या मागच्या भिंतीवर लिहिलं होतं,” ती म्हणाली. “बाबा म्हणाले, पूस ते. सर खोटं कशाला सांगतील? मी म्हटलं, बाबा, पाणी पापडासारखं झालं होतं ना? तर म्हणाले, मला तसं वाटलं असेल. त्यांना तसं वाटलं असेल! स्वतःच्या बोटांनी तो बर्फ मोडलेला माणूस. ते बाग गेल्याचं कधी बोलत नाहीत, फाटकही त्यांना वाईट नव्हतं. पण तेव्हापासून कुठलीही गोष्ट ठाम सांगत नाहीत. पाऊस पडतोय का विचारलं, तरी म्हणतात, मला तरी पडतोय असं वाटतं.”

सरांनी खिशातून पेन काढलं आणि तिच्यापुढे धरलं. “तू लिही. तुझा आकडा आहे.” तिने पेनाकडे पाहिलं आणि मान हलवली. “नाही. तुमच्या अक्षरात लिहा.” तेव्हा सर खुर्चीवर बसले, गिऱ्हाइकाच्या त्या उंच खुर्चीवर, गुडघ्यांवर रजिस्टर घेऊन. अकरा आकड्यांवर त्यांनी एकेक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि प्रत्येकापुढे लिहिलं: पाहिले नाही. पाहिले नाही. पाहिले नाही. अकरा वेळा लिहिताना हात दुखला. सातव्या ओळीला शब्द नुसते आकार झाले आणि आठव्याला पुन्हा शब्द झाले. बाराव्या दिवसाच्या शेऱ्यावर रेघ मारून त्यांनी लिहिलं, ‘वजा दोन पॉइंट चार. मागील अकरा रात्रींतील किमान. वाचन विद्यार्थिनीचे, अचूक. रोपे थंडीनेच गेली. माळ्याचे म्हणणे खरे होते. नोंद करणाऱ्याने काडी पाडून पुरावा नाहीसा केला.’ खाली सही केली. एकतीस वर्षांच्या शेवटी करायची ती नव्हे; ही. ती खांद्यावरून वाचत होती. “हे मी आज घरी नेते,” ती म्हणाली, विचारलं नाही. “बाबांना दाखवते. उद्या सकाळी आठला पेटीपाशी आणून देते. मग वेधशाळेला काय पाठवायचं ते पाठवा.” रजिस्टर एका रात्रीपुरतंसुद्धा सरांच्या किंवा शाळेच्या कपाटाबाहेर कधी राहिलं नव्हतं. “ने,” ते म्हणाले. मग त्यांना काहीतरी अजून म्हणायचं होतं. ती चष्म्याची डबी पुसत म्हणाली, “मला काही म्हणू नका सर. मला जे पाहिजे होतं ते तुम्ही लिहिलंत. बाकीचं मला अजून माहीत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पावणेआठलाच पेटीपाशी होते. आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता. गवत कोरडं होतं, त्या वर्षी पहिल्यांदाच पूर्ण कोरडं, आणि कुंपणाच्या झाडाच्या कोंबांतून पानं बाहेर आली होती, अजून सुरकुतलेली, नुकत्या जन्मलेल्या पोराच्या मुठीसारखी. आठ वाजता त्यांनी दार उघडलं. नव्या चष्म्यातून काडीचं टोक इतकं स्वच्छ दिसलं की त्यांना गेल्या दोनतीन वर्षांच्या सगळ्या दशांशांची शंका आली. तीही सांगावी लागेल. त्यांनी आकडा पाहिला. वही पेटीवर मिटलेलीच ठेवली. काडी पाडायला हात सवयीने पुढे गेला, बोटं नळीपर्यंत पोचली, आणि त्यांनी तो मागे घेतला. दोन्ही हात पाठीमागे धरले, एकमेकांत घट्ट, वर्गात उभं केलेल्या मुलासारखे. आठ वाजून दहा मिनिटं झाली. आठ वाजून पंधरा झाली. बावीस वर्षांत नोंदीला एवढा उशीर कधी झाला नव्हता. मग फाटकाचा आवाज आला. दोन माणसं येत होती. एक पांढऱ्या कोटातलं, काखेत रजिस्टर, आणि दुसरं तिच्या दंडाला धरून, एकेक पाऊल टाकत, मधेच थांबून सिमेंटकडे आणि सायकलींकडे बघत. माळी फार वाळला होता. टोपी मात्र डोक्यावर होती. दोघं गवतातून जवळ आली. म्हाताऱ्याने सरांकडे पाहिलं, मग उघड्या पेटीकडे, आणि आत काय आहे ते आपल्याला दिसेल की नाही अशा शंकेने मान थोडी पुढे केली.

“काडी पाडलेली नाही,” सर म्हणाले. “आधी तुम्ही बघा. किती आहे ते तुम्ही सांगायचं.”

आणि ते दारासमोरून बाजूला झाले.